शिलेदाराची शाळा

मध्ययुगीन युरोपातील ‘नाइट’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न इतिहास वा इंग्रजी शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. कोणी ‘सरदार’ म्हणतात, कोणी ‘शूर वीर’ म्हणून वेळ निभावून नेतात. शब्दांच्या मुळाशी गेले असता मात्र एक मौज दृष्टीस पडते. इंग्रजीतील या शब्दाचा मूळ अर्थ ‘पोरगा’ किंवा ‘सेवक’ एवढाच होता. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी त्याच माणसाला घोडेस्वारीवरून नाव दिले. आपल्याकडील शिलेदार आणि बारगीर हे दोन्ही शब्द फारसीतून आले. पहिल्याचा अर्थ शस्त्र बाळगणारा, दुसऱ्याचा ओझे वाहणारा. मराठीत या दोहोंमधील भेद अखेर एका घोड्यावर येऊन ठेपला. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारच्या किंवा धन्याच्या घोड्यावर बसे तो बारगीर. हे स्वार घडत कसे, आणि त्यांच्या घडणीत आपणां शिक्षकांना विचार करावयास लावणारे काय आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम युरोपातील रीत पाहू. उमरावाचा मुलगा सुमारे सात वर्षांचा झाला की त्याला दुसऱ्या एखाद्या उमरावाच्या वाड्यात पाठवीत. तेथे तो पंक्तीला वाढी, निरोप पोचवी, मोठ्यांपुढे कसे वागावे ते शिके. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो धन्याचा शस्त्रवाहक होई. घोड्याची निगा, चिलखताची सफाई, रणात धन्याच्या पाठीशी उभे राहणे, ही त्याची कामे. खांबावर फिरता आडवा दांडा बसवून त्याच्या एका टोकाला ढाल व दुसऱ्याला वाळूची पिशवी बांधीत. भरधाव घोड्यावरून भाल्याने ढालीवर आघात करून पिशवीचा तडाखा पाठीत बसण्यापूर्वी निसटावयाचे, असा हा सराव. पुढे विशीच्या आसपास तलवार व टाचा बांधून त्याला समारंभपूर्वक दीक्षा देत.

या व्यवस्थेत खर्चाची अडचण मोठी होती. विल्यम मार्शल हा इंग्लंडातील एका घराण्याचा धाकटा मुलगा. तो बारा-तेरा वर्षांचा असताना नॉर्मंडीतील एका नातलग उमरावाकडे शिकावयास गेला. सुमारे ११६६ साली त्याला दीक्षा मिळाली. परंतु पहिल्याच लढाईत घोडा ठार झाला, आणि नवा घोडा घेण्यासाठी त्याला अंगावरची शाल विकावी लागली. हाच पुरुष १२१६ साली इंग्लंडच्या बालराजाचा कारभारी झाला. घोडा गेला म्हणजे विद्या असूनही स्वार पायउतार होतो, ही गोष्ट आपल्या शिलेदारालाही चांगलीच ठाऊक होती. घोडा मेला तर भरपाईची खात्री नसे, म्हणून तो त्याला जिवापाड जपे.

मराठी मुलाचे शिक्षण तीन ठिकाणी चाले: घर, तालीम आणि पागा. ज्याला कानडीत गरडी म्हणतात त्या तालमीत तो वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका काढी, लाल मातीत कुस्ती खेळे. धनुष्याला लोखंडी साखळी लावलेली लेजीम ही आज कवायतीची शोभा झाली असली, तरी मुळात ती बाहूंचे बळ वाढविण्याचे साधन होती. फरी-गदग्याने ढाल-तलवारीचे हात बसत. पट्ट्याने मनगट आणि पाऊल यांचा मेळ जमे. युरोपातील फिरत्या दांड्याच्या जागी आपल्याकडे बोथाटी होती. टोकाला बोथट गोळा लावलेल्या भाल्याने घोड्यावरून खेळावयाचा हा खेळ. यात जखम होत नसे, पण चूक मात्र लपत नसे.

पागेत पहिला धडा शस्त्राचा नसे, तो खराऱ्याचा असे. घोड्याला चंदी किती द्यावी, तोबरा केव्हा चढवावा, नाल केव्हा बदलावी, तंग किती आवळावा, हे ज्याला कळत नाही त्याला रिकिबीत पाय ठेवण्याचा अधिकार काय? आपल्या भाषेने या शाळेची आठवण जपून ठेवली आहे. खोगीरभरती, मांड ठोकणे, घोडामैदान जवळ असणे, हे वाक्प्रचार पागेतूनच आपल्या बोलण्यात आले.

शिवछत्रपतींच्या पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. शिलेदारांनाही पागेच्या ताब्यात ठेवलेले होते. या रचनेचा शिक्षणदृष्ट्या अर्थ फार मोठा आहे. घोडा सरकारचा असल्यामुळे ज्याच्या दारात घोडा नव्हता अशा कुणब्याच्या किंवा धनगराच्या मुलालाही स्वार होता येई. युरोपात जी वाट कुळाने आणि पैशाने अडविली होती, ती येथे बारगिरीने काही अंशी मोकळी केली.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १६९३ साली जन्मलेल्या मल्हारराव होळकरांचे वडील लवकर वारले. आईने मुलाला घेऊन खानदेशात तळोद्यास आपल्या भावाचे, भोजराज बारगळांचे घर गाठले. बारगळ कदम बांड्यांच्या चाकरीत थोडे स्वार बाळगून होते. मामाच्या त्या लहानशा पथकात मल्हाररावांनी भाला पेलला आणि पुढे माळव्यात राज्य उभे केले. दुसरे उदाहरण आपल्या भागाशी निगडित आहे. हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या मुलांनी पळी-पंचपात्र ठेवून तलवार धरली, आणि नातू परशुरामभाऊ पेशवाईतील नामांकित सेनानी झाले. हुबळीजवळचे कुंदगोळ १९४८ पर्यंत या पटवर्धनांच्याच जमखंडी संस्थानात होते. उपाध्यायाच्या घरात दोन पिढ्यांत सेनापती निपजतो, ही मोठ्यांच्या सहवासात होणाऱ्या शिक्षणाची किमया होय.

आपल्याकडे दीक्षेचा समारंभ मात्र नव्हता. मुलगा मोहिमेवर जाई, तोच त्याचा पदवीदान समारंभ. संभाजीराजे १६६६ साली वडिलांबरोबर आग्र्यास गेले तेव्हा नऊ वर्षांचे होते. पहिले बाजीराव अठरा-एकोणीस वर्षांचे असताना बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीच्या स्वारीत होते. १७२० साली विसाव्या वर्षी ते पेशवे झाले.

एवढे सर्व सांगून झाल्यावर या शिक्षणाची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती पाहावयास धारवाडकरांना दूर जावे लागत नाही. सप्टेंबर १७९० मध्ये परशुरामभाऊंनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान होता. भाऊंच्या मदतीला कॅप्टन लिटलची मुंबईकर इंग्रज पलटण होती. किल्ला एप्रिल १७९१ मध्ये हाती आला, म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळ गेला. त्या पलटणीतील एडवर्ड मूर याने १७९४ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मराठी तोफखान्याचे चित्र रेखाटले आहे. तोफ एकदा डागावी, मग गोलंदाजांनी बसून गप्पागोष्टी कराव्या आणि सावकाश पुन्हा भरावी. मूर परका होता आणि त्याच्या लेखणीत उपहास आहे, हे खरे. तथापि दिवसांचा हिशेब त्याच्या बाजूने बोलतो.

असे का व्हावे? शौर्याची उणीव होती असे कोणी म्हणणार नाही. कारण शिक्षणपद्धतीतच होते. पाहून आणि सेवा करून शिकणारा मुलगा फार तर आपल्या वडीलधाऱ्यांइतका तयार होतो. वडीलधाऱ्यांना घोडा आणि भाला ठाऊक होता, तो मुलाला उत्तम आला. तोफेचे गणित त्यांनाच ठाऊक नव्हते, तर ते मुलाला कोण सांगणार? त्यासाठी ग्रंथ हवा, आकृती हवी, घरापलीकडची शाळा हवी. महादजी शिंद्यांनी ही उणीव ओळखून १७८४ पासून द बॉइन्यच्या हाताखाली कवायती कंपू उभे केले. पण ती विद्या परक्या अधिकाऱ्यांच्याच मुठीत राहिली. १८०३ साली ऐन युद्धात त्यांपैकी कित्येक निघून गेले, आणि विद्याही त्यांच्याबरोबर गेली. युरोपातील चिलखती स्वारही लांब भाले, धनुष्ये आणि पुढे बंदुका यांच्यापुढे असाच मागे पडला होता. फरक इतकाच, की तेथे तोवर नव्या विद्येच्या शाळा उभ्या राहिल्या.

तेव्हा वर्गात ‘नाइट’ शब्द आला की केवळ ‘सरदार’ म्हणून पुढे जाऊ नये. तो वयाच्या सातव्या वर्षी दुसऱ्याच्या घरी काय शिकला, आणि आपला बारगीर पागेत काय शिकला, हे मुलांना सांगावे. हाताला सवय लावणारे, अंगी निष्ठा बाणविणारे ते शिक्षण आपल्या शाळांतून फार कमी झाले आहे. त्याची भरपाई झाली पाहिजे. परंतु गुरूला जे येत नाही तेही शिष्याला मिळण्याची सोय असावी, यासाठीच तर शाळा असते. शिलेदाराच्या शाळेत ती सोय नव्हती. आपल्या शाळेत ती आहे काय, हे पाहण्याचे काम आपले आहे.