लाईनपासून लांब घर? सोलर घेण्याआधी रात्रीचा हिशेब मांडा

मुरबाड, शहापूर तालुक्यांत डोंगराच्या कडेचे पाडे आणि शेतावरची एकटी घरं अनेक आहेत. लाईन पोहोचली नाही किंवा पावसाळ्यात वारंवार जाते, म्हणून लोक सोलरकडे वळतात. दुकानात पहिला प्रश्न असतो, "पॅनल किती वॅटचं?" पण सुरुवात तिथून करायची नसते. रात्री घरात काय काय चालणार, ते आधी ठरवावं लागतं.

आधी लाईनचं बघा
महावितरणचा खांब जवळ असेल तर मीटरसाठी अर्ज करणंच बरं. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च मीटरला नाही. खांब खूपच लांब असेल तेव्हा सोलरचा विचार करा.

रोजचा हिशेब
वॅट गुणिले तास, एवढंच गणित. एका साध्या घराचा हिशेब असा:
- ९ वॅटचे ४ एलईडी, ५ तास : १८०
- ३० वॅटचा बीएलडीसी पंखा, १० तास : ३००
- ५० वॅटचा टीव्ही, ३ तास : १५०
- दोन मोबाईल : ३०

एकूण ६६०. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून ९०० धरा, म्हणजे जवळपास एक युनिट. ७५ वॅटचा जुना पंखा ठेवला तर एकट्या पंख्यालाच ७५० लागतात. म्हणून आधी पंखा बदला, सोलर लहान घेऊन भागेल. इस्त्री, गिझर, शेगडी यावर चालवायचा विचारच नको.

बॅटरी
१२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १८०० वॅट-तास वीज मावते. पण साधी पाण्याची (ट्यूब्युलर) बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर लवकर खराब होते. म्हणजे वापरायला मिळतात ९००, एका दिवसापुरते. ढगाळ दिवसासाठी साठा हवा असेल तर दोन बॅटऱ्या लागतील. लिथियम बॅटरी महाग, पण ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि तिला पाणी घालावं लागत नाही.

पॅनल पावसाळा धरून घ्या
स्वच्छ उन्हात १ किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दाट ढग असतात, तेव्हा हे निम्म्यावर येतं, कधी त्याहून खाली. उन्हाळ्यात वरच्या घराला २५० वॅट पुरतील, पावसाळ्यासाठी मात्र ५०० वॅट तरी हवेत. पॅनलचं तोंड दक्षिणेला ठेवा. त्यावर झाडाची सावली नको.

इथे फसू नका
पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये) लाईनला जोडलेल्या सोलरलाच मिळतं. तो बिनबॅटरीचा सेट लाईन गेली की बंद पडतो. लाईन दुरुस्त करणाऱ्या कामगाराला शॉक बसू नये म्हणून तशी रचना असते. बॅटरीवाला स्वतंत्र सेट या अनुदानात बसत नाही.

कातकरी कुटुंबांसाठी मात्र वेगळी वाट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन योजनेत, लाईन नेणं शक्य नसलेल्या आदिम जमातींच्या घरांना ०.३ किलोवॅटचा सौर संच देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीत किंवा शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा.

पैसे देण्याआधी
- बिलावर पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर तिन्हींची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या.
- पावसाळ्यात पाड्यावर दुरुस्तीला कोण येणार, हे आधीच विचारा.
- अर्थिंग करून घ्या आणि पॅनलचा सांगाडा वादळवाऱ्यात टिकेल असा घट्ट बसवा.
- पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी पेट घेणारा वायू निघतो. ती हवेशीर जागी, चुलीपासून लांब ठेवा. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.