कोंडलेला श्वास

दम्याचा रोगी हवेसाठीं तळमळतांना दिसला कीं त्याला श्वास आंत घेतां येत नाहीं, असें आपण सहज समजतों. वस्तुस्थिति पुष्कळ अंशीं उलट असते. त्याच्या छातींत हवा कोंडून राहिलेली असते. ती बाहेर पडत नाहीं, म्हणून नव्या हवेला जागा होत नाहीं. प्रचीति हवी असेल तर छाती पूर्ण भरून श्वास घ्या, आणि तो न सोडतां त्यावरच आणखी लहान लहान श्वास घेऊन पाहा. थोड्याच वेळांत जीव घाबरा होईल. (दमा किंवा हृदयविकार असणारांनीं हा प्रयोग करूं नये.) तीव्र दम्याचा रोगी तासच्या तास याच स्थितींत काढतो.

असें कां व्हावें? श्वासनळी छातींत उतरल्यावर झाडासारखी फुटत जाते. वायुकोशांपर्यंत पोंचेतों ती सुमारें २३ वेळां दुभंगते. ज्याच्या प्रकृतीला धुळींतील सूक्ष्म कीटक, परागकण किंवा बुरशी सोसत नाहीं, त्याच्या नळ्यांच्या अस्तरांतील कांहीं पेशी अशा कणांचा स्पर्श होतांच हिस्टामीन वगैरे द्रव्यें सोडतात. भोंवतालचे स्नायु आवळतात, अस्तर सुजतें, चिकट कफ पाझरतो. संथ प्रवाहांत नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो, हा प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम येथें फार महाग पडतो! शिवाय श्वास घेतांना फुफ्फुस ताणलें जाऊन नळ्या थोड्या उघडतात, सोडतांना मिटूं लागतात. म्हणून उच्छ्वास लांबतो व शिट्टी वाजते. हवा सांचून छाती फुगली कीं एरवीं घुमटासारखें असणारें श्वासपटल सपाट होतें, आणि त्याला खालीं ओढावयास वावच उरत नाहीं.

हें झालें एका झटक्याचें वर्णन. झटका ओसरतो, दाह मात्र पुष्कळदां आंत धुमसतच राहतो. ह्युबर व केसलर या दोघां अमेरिकन वैद्यांनीं १९२२ सालीं दम्यानें मृत्यु पावलेल्यांचीं फुफ्फुसें तपासलीं, तेव्हां नळ्यांच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. अस्तराखालीं तंतूंचा थर दाटतो, स्नायु पुष्ट होतो, कफ करणाऱ्या पेशी वाढतात. वारंवार चिघळलेल्या जखमेच्या जागीं वण राहावा, तसें कांहींसें. अशा जाड भिंतीचा स्नायु पूर्वीइतकाच आवळला, तरी आंतील वाट पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक बुजते.

झटक्याच्या वेळचा साधा पंप केवळ स्नायु सैल करतो. दाहाला तो हात लावीत नाहीं. तें काम श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडचें, आणि तें बरें वाटत असलेल्या दिवसांतही वैद्याच्या सल्ल्याप्रमाणें चालूं ठेवावें लागतें. दम्याविषयींच्या जागतिक मार्गदर्शनांत तर २०१९ पासून नुसत्या साध्या पंपावर विसंबूं नये, असें सांगितलें आहे. 'पंपाची संवय लागते' या समजुतीनें औषध टाकून देणारीं घरें आपल्याकडे थोडीं नाहींत. मला ही समजूत रोगाइतकीच घातक वाटते.

आणखी एक गोष्ट. मध्यरात्रीं रोग्याची शिट्टी एकाएकीं थांबली कीं घरच्या मंडळींना हायसें वाटतें. रोगी मोकळेपणानें बोलूं लागला असेल, तर तें ठीकच. परंतु त्याला एक वाक्यही पुरें करवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गुंगी येत असेल, तर नळ्या उघडलेल्या नसतात; शिट्टी वाजण्यापुरतीही हवा त्यांतून जात नसते. अशा वेळीं उजाडण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.