व्हीटीला एकदा मान वर करून पाहा

आपल्यापैकी कितीतरी जण रोज व्हीटीला उतरतात. पण कामाची वेळ गाठायची घाई, मागून गर्दीचा रेटा. मान वर करायला सवड कोणाला? म्हणून एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन मुद्दाम जा.

जुन्या माणसांचे हे बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली गाडी इथूनच सुटली, पण तेव्हा ही इमारत नव्हती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून १८७८ साली काम सुरू झाले, ते दहा वर्षे चालले. खर्च सुमारे सोळा लाख रुपये. राणीचे नाव १८८७ चे, छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९६ पासून. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. तरी तोंडात व्हीटीच येते, त्याला काय करणार!

आधी रस्त्यावरून पाहा. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. वर मोठा घुमट आणि त्यावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती'ची मूर्ती. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो हलवला. भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे कोरले आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉयही आहेत. दगड फोडणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या मजुरांची नावे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या पणजोबांपैकी कोणी त्यांत असेलही. कोरीवकाम आणि तिकीट खिडक्यांच्या जाळ्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. मुलांना मोर, माकडे शोधायला लावा; ती आपल्याआधी सापडवतील.

घुमटाखालचा भव्य जिना रेल्वेच्या कार्यालयाकडे गेला, म्हणजे साहेबांच्या वाट्याला. प्रवाशाच्या वाट्याला आले तिकीटघर, आणि ते काही कमी नाही. इटालियन संगमरवराचे खांब, उंच कमानी, निळ्या छतावर सोनेरी तारे. त्यावरूनच त्याला 'स्टार चेंबर' म्हणतात. पूर्वी तिसऱ्या वर्गाचा डबा वेगळा असे. तो वर्ग १९७४ साली गेला. आज भायखळ्याचे साधे तिकीट काढणाराही त्याच ताऱ्यांखाली उभा राहतो. रांग सोडावी लागत नाही, नंबर येईपर्यंत वर पाहता येते.