शिंपल्यांची खानेसुमारी

१९६३ साली नॉर्मन न्यूवेल यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात जीवसृष्टीवर ओढवलेल्या संकटांविषयी लेख लिहिला. तेव्हा सामूहिक विनाश हा विषय भूशास्त्रात फारसा प्रतिष्ठित नव्हता. शंभर वर्षे डार्विनचा शब्द प्रमाण मानला जात होता. जाती एकेक करून, सावकाश संपतात. एकदम संपल्यासारख्या वाटल्या तर खडकांच्या पोथीतली मधली पाने गहाळ झाली आहेत असे समजावे. अमोनाइट हे गुंडाळलेल्या शंखाचे सागरी प्राणी मात्र नवल वाटावे इतके अचानक संपले, हे खुद्द डार्विननेही १८५९च्या ग्रंथात मान्य केले होते. न्यूवेल हे शिंपल्यांचे अभ्यासक. पाने काही इतकी गहाळ झालेली नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतरच्या साठ वर्षांत हे म्हणणे कसे तपासले गेले, त्याची ही गोष्ट आहे.

विनाश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डायनासोर येतो. पण हिशेब मांडायचा तर डायनासोर फार तुटपुंजे. चार हाडे सापडली तरी त्याची बातमी होते. शंख-शिंपल्यांचे तसे नाही. कवच कठीण, वास्तव्य समुद्रतळाच्या गाळात, मेल्यावर पुरले जाणेही तिथेच आणि संख्या अफाट. कच्छमध्ये जुरासिक काळातले अमोनाइट थरामागून थर मिळत जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या विल्हेल्म वागेन यांनी १८७०च्या दशकात त्यांची वर्णने छापली. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम फोडला, तर बहुधा आत अमोनाइटच निघेल. जीव केव्हा आला आणि केव्हा गेला हे विचारायचे तर साक्षीदार हेच.

पहिली मोठी चकमक विनाशावरून नव्हे, उत्क्रांतीवरून झाली. न्यूवेल यांचे शिष्य नाइल्स एल्ड्रेज अमेरिकेतले फॅकॉप्स नावाचे ट्रायलोबाइट, म्हणजे नामशेष झालेले संधिपाद सागरी प्राणी, तपासत होते, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे. या प्राण्याच्या डोळ्यात भिंगांच्या उभ्या रांगा असतात. एल्ड्रेज भिंगाखाली एकेक डोळा धरून त्या रांगा मोजत. वर्षानुवर्षांचे नमुने पाहूनही बदल काही दिसेना. अखेर लक्षात आले की लाखो वर्षे १८ रांगा तशाच राहतात आणि मग एकदम १७ रांगांचे प्राणी सगळीकडे दिसू लागतात. मधल्या अवस्थेतले नमुने मिळाले ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका खाणीत, म्हणजे एका कोपऱ्यात. १९७२ मध्ये एल्ड्रेज आणि स्टीफन जे गूल्ड यांनी यावरून खंडित समतोलाची कल्पना मांडली. तिच्यावर पुढे रणे माजली, आजही सगळे अभ्यासक ती जशीच्या तशी मानत नाहीत. पण माझ्या मते तिने एक गोष्ट कायमची रुजवली: बदल न दिसणे हीसुद्धा नोंद आहे, ती टाकून द्यायची नसते.

खानेसुमारीचे खरे काम केले जॅक सेपकोस्की यांनी. हा माणूस हातोडी घेऊन डोंगरात फिरण्यापेक्षा ग्रंथालयात अधिक रमला. दीडशे वर्षांतले जाडजूड ग्रंथ, नाना भाषांतली नियतकालिके उपसायची आणि प्रत्येक कुलापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: पहिल्यांदा कोणत्या काळात दिसले, शेवटचे कोणत्या काळात. १९८२ मध्ये त्यांनी सुमारे ३,५०० सागरी कुलांची यादी छापली. त्याच वर्षी डेव्हिड राउप यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की नामशेष होण्याचा वेग एरवी कमी-अधिक असला, तरी पाच वेळा तो बाकीच्यांपासून उठून दिसतो. आज शाळेच्या पुस्तकातही ‘पाच महाविनाश’ असतात, ते या यादीतून आलेले.

दोघांनी १९८४ मध्ये आणखी पुढची उडी घेतली. गेल्या २५ कोटी वर्षांत दर २ कोटी ६० लाख वर्षांनी विनाश येतो, असा त्यांचा दावा. मग सूर्याचा एक अदृश्य जोडीदार तारा असावा इथवर खगोलशास्त्रज्ञांची मजल गेली. तो तारा सापडला नाही आणि बहुतेकांनी तो दावा सोडून दिला. यादी मात्र टिकली. सेपकोस्की १९९९ मध्ये अवघ्या पन्नाशीत गेले. त्यांची सुमारे ३६,००० वंशांची दुसरी, कितीतरी मोठी यादी २००२ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. सिद्धान्त मागे पडतात, चोख नोंद पुढच्यांच्या कामी येते. ज्या खडकांचा अभ्यास जास्त, त्यातले जीव जास्त दिसणार, हा राउप यांनी १९७२ मध्येच दिलेला इशारा लक्षात घेऊन आजचे अभ्यासक संगणकीय संचांमध्ये जीवाश्मांची एकेक नोंद स्थळासकट ठेवतात.

दरम्यान १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुब्बिओच्या खडकांतले इरिडियम, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण लघुग्रहांत विपुल असलेला धातू, पुढे केले आणि क्रिटेशस काळाच्या अखेरीस लघुग्रह आदळल्याचे सांगितले. तसे असेल तर अमोनाइट खडकांतल्या त्या काळाच्या शेवटाच्या सीमारेषेपर्यंत दिसायला हवेत. पीटर वॉर्ड स्पेनमधल्या झुमायाच्या कड्यावर गेले, तर शेवटचा अमोनाइट रेषेच्या जवळजवळ १० मीटर खाली! म्हणजे लघुग्रह येण्याआधीच अमोनाइट आटोपले होते? १९८२ मध्ये फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स यांनी यातली मेख दाखवली. दुर्मीळ प्राण्याचा आपल्याला सापडलेला शेवटचा नमुना हा खरोखरचा शेवटचा प्राणी क्वचितच असतो. त्यामुळे सगळे एका दिवशी मेले तरी दुर्मीळ जाती खालच्याच थरांत संपल्यासारख्या दिसतात. वॉर्ड पुन्हा गेले, शेजारच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे कडेही पालथे घातले आणि अमोनाइट थेट रेषेपाशी मिळू लागले. चार्ल्स मार्शल यांच्यासह त्यांनी १९९६ मध्ये काढलेला निष्कर्ष मला फार प्रामाणिक वाटतो: काही अमोनाइट आधी गेले असतील, बरेचसे अखेरपर्यंत होते, इनोसेरामिड नावाचे शिंपले मात्र खूप आधीच संपले होते. एकाच कड्यात सावकाशीचा आणि अचानकचा, दोन्ही प्रकारचे मृत्यू.

वाचले कोण, हा प्रश्न त्याहून मोलाचा. शिकागोच्या डेव्हिड जॅब्लोन्स्की यांनी क्रिटेशसमधल्या गोगलगायींच्या शंखांची टोके तपासली. शंखाच्या अगदी टोकाशी पिल्लाचे मूळ कवच शिल्लक असते आणि त्याच्या आकारावरून पिल्लू पाण्यात दूरवर तरंगत जाई की जन्मल्या जागीच वाढे, हे कळते. एरवीच्या काळात तरंगणाऱ्या पिल्लांच्या जाती जास्त टिकल्या होत्या. महाविनाशात हा गुण कवडीमोल ठरला; जो वंश भूगोलात दूरवर पसरलेला होता, तो तगला. १९८६ मधला हा शोध मी सगळ्यांत वरचा मानतो. कोट्यवधी वर्षे कमावलेले गुण ऐन वेळी कामी येतीलच असे नाही, हे त्याने आकडे देऊन सांगितले.

पर्मियन काळाच्या अखेरीचा विनाश तर सर्वांत भीषण. राउप यांनी १९७९ मध्ये ९६ टक्क्यांपर्यंत सागरी जाती गेल्या असाव्यात असे म्हटले होते; आजचे अंदाज ८० टक्क्यांच्या आसपास आहेत. सायबेरियातले लाव्हाचे उद्रेक, तापलेले समुद्र, घटलेला प्राणवायू ही कारणे आता बहुतेकांना मान्य आहेत. त्या काळाची प्रमाण सीमारेषा ठरण्याचा मान २००१ मध्ये चीनमधल्या मैशानला मिळाला. तिथल्या खडकांचे वय मोजून २०१४ मध्ये कळले की हा संहार सुमारे ६०,००० वर्षांत उरकला. या मानाच्या शर्यतीत श्रीनगरजवळची खुनमोहची गुरयुल दरीही होती. शिंपल्यांसारखे दिसणारे, जड चुनखडीचे कवच आणि मंद श्वसन असलेले ब्रॅकिओपॉड या विनाशात धुऊन निघाले, शिंपले त्या मानाने निभावले. आज मालवणच्या बाजारात तिसऱ्या आणि कालवे मिळतात, ब्रॅकिओपॉड मात्र शोधत फिरावे लागतात, त्याची सुरुवात तिथली.

महाराष्ट्राचा संबंध क्रिटेशसच्या शेवटाशी. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने घडला तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या विनाशाच्या आगेमागेच वाहत होता. त्यात त्याचा वाटा किती यावर वाद चालू आहे. आपल्या काळ्या पाषाणात सागरी जीवाश्म नाहीत. म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांना कच्छ गाठावे लागले.

तुम्हीही कच्छला किंवा तमिळनाडूत अरियालूरला गेलात तर टेकडीच्या उतारावर अमोनाइट दिसेल. तो खिशात घालू नका आणि कोणी विकायला आणला तर घेऊ नका. छायाचित्र काढा, जागा लिहून ठेवा, जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. कोणत्या थरातून निघाला हे ठाऊक नसलेला अमोनाइट या खानेसुमारीत धरता येत नाही.