उदरभित्तीच्या शस्त्रक्रियेनंतर निचरानळी आवश्यक आहे काय?

प्रसूतीनंतर किंवा वजन मोठ्या प्रमाणात उतरल्यानंतर पोटावर लोंबू लागलेली त्वचा व तिच्या खालचा मेद काढून टाकून सैल पडलेली उदरभित्ती पुन्हा घट्ट करणे, हे अॅब्डॉमिनोप्लास्टीचे प्रयोजन होय. व्यवहारात हिलाच ‘टमी टक’ म्हणतात. बाल्टिमोर येथील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली ह्यांनी १८९९ मध्ये अशा एका शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिच्या तंत्रात पुष्कळ पालट झाले. मात्र एक प्रथा दीर्घकाळ जवळजवळ निर्विवाद राहिली: जखम शिवण्यापूर्वी त्वचेखाली एक-दोन नळ्या ठेवावयाच्या, त्यांची टोके बाहेर काढावयाची, आणि त्यांतून येणारा द्रव रोजच्या रोज मोजावयाचा. ही नळी खरोखरच आवश्यक आहे काय, ह्याची चिकित्सा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतच नेटाने होऊ लागली आहे. प्रश्न किरकोळ नव्हे. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेदनेपेक्षा ह्या नळ्यांचाच अधिक जाच वाटतो; उलट त्या वगळून आत द्रव साठला, तर तीच शस्त्रक्रिया महिनोगणती निस्तरावी लागते.

द्रव साठतो तो का, हे प्रथम पाहिले पाहिजे. जघनास्थीच्या वर आडवा छेद घेऊन त्वचा व मेद ह्यांचा पडदा बरगड्यांच्या कडेपर्यंत उचलला जातो. त्यामुळे दोन विस्तीर्ण उघडे पृष्ठभाग एकमेकांसमोर येतात: खाली स्नायूंवरील प्रावरणी आणि वर मेदाचा थर. असंख्य सूक्ष्म लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात, आणि जखम झालेल्या ऊतींतून दाहजन्य द्रव पाझरत असतो. हे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटले तर पाझर आपोआप थांबतो. पण रुग्ण श्वास घेतो, खोकतो, कुशीवर वळतो, उठून बसतो; प्रत्येक हालचालीबरोबर वरचा पडदा खालच्या भित्तीवरून घसरतो आणि नुकतेच जुळू लागलेले फायब्रिनचे धागे तुटतात. मग जी पोकळी राहते तीत पिवळसर द्रव साचतो. ह्यालाच सिरोमा म्हणतात. बहुधा तो सुईने एक-दोनदा उपसून आटोक्यात येतो. तो रेंगाळला तर मात्र पोकळीच्या भिंती गुळगुळीत होतात, तिला स्वतःचे आवरण येते, आणि ती खोटी पिशवी छेदून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नळीचा इतिहास ह्या शस्त्रक्रियेहून फार जुना आहे. जलोदरात पोटाला वेध करून नलिकेने पाणी काढण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आला आहे. रबरी नळ्यांचा पुरस्कार फ्रान्समध्ये शासेन्याक ह्यांनी १८५९ मध्ये केला. इंग्लंडातील लॉसन टेट ह्यांच्या नावावर, शंका आली की नळी ठेवावी, असा उपदेश सांगितला जातो, तर अमेरिकेत हॅल्स्टेड ह्यांचा कल अजाणतेपणी ठेवलेल्या नळीपेक्षा ती मुळीच नसलेली बरी असे मानण्याकडे होता. १९५० नंतरच्या दशकात रेडाँ ह्यांच्या बंदिस्त शोषणनळीचा प्रसार झाला आणि उघड्या नळीतून जंतू आत शिरण्याचे भय बरेच कमी झाले. ह्या इतिहासात एक भेद मात्र सहसा नजरेआड होतो. सुश्रुताची नलिका साचलेले पाणी काढण्यासाठी होती. आज पोटाच्या त्वचेखाली ठेवली जाणारी नळी अद्याप न साचलेल्या द्रवासाठी असते. पहिली उपचार आहे, दुसरी खबरदारी. पहिलीचे समर्थन रुग्णाकडे पाहून होते. दुसरीचे मात्र तुलनेवाचून होऊ शकत नाही.

नळी काय करते? ती द्रव बाहेर नेते, आणि शोषण चालू असेपर्यंत दोन्ही पृष्ठभाग एकमेकांकडे ओढून धरते. परंतु घसरण ती थांबवीत नाही. चोवीस तासांतील स्राव सुमारे ३० मिलिलिटरहून कमी झाला की नळी काढण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी पृष्ठभाग पुरते चिकटलेले असतीलच, असे नाही. म्हणूनच नळी ठेवलेल्या रुग्णांतही ती काढल्यानंतर सिरोमा झालेला आढळतो. शिवाय रक्ताची गुठळी अडकून नळी बंद पडू शकते. तेव्हा नळीमुळे मोठ्या रक्तस्रावापासून संरक्षण मिळते, ही समजूतही फारशी टिकत नाही. फार तर तो काहीसा लवकर लक्षात येईल, इतकेच.

ह्या विचारातूनच दुसरा मार्ग निघाला: द्रव काढीत बसण्यापेक्षा पोकळीच उरू द्यावयाची नाही. ब्राझीलमधील बारौदी व फरेरा ह्यांनी १९९८ मध्ये पडदा व प्रावरणी ह्यांना ठिकठिकाणी एकत्र बांधणाऱ्या टाक्यांचे वर्णन केले. गोधडी शिवताना वरचे व खालचे कापड धावदोऱ्याने जसे एकजीव करतात, तशीच ही रीत आहे. दोन वर्षांनी, २००० मध्ये, टेक्सास राज्यातील डॅलस येथील हार्लन पोलॉक व टॉड पोलॉक ह्यांनी ह्याच कल्पनेला एक महत्त्वाची जोड दिली. प्रत्येक टाका घालताना पडदा किंचित खाली ओढून घ्यावयाचा, म्हणजे ताण टप्प्याटप्प्याने अनेक टाक्यांवर वाटला जातो आणि अखेरच्या शिवणीवर अगदी थोडा उरतो. त्यांनी २०१२ मध्ये ह्या पद्धतीने, नळीवाचून, लागोपाठ केलेल्या ५९७ शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात सिरोमा अत्यंत विरळा आढळला. ह्या टाक्यांना वेळ लागतो, हे खरेच. फार वरवर घेतलेला टाका त्वचेला खळी पाडतो, आणि फार आवळलेला टाका आधीच क्षीण झालेल्या रक्तपुरवठ्याला बाधक ठरू शकतो.

एकाच पथकाच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांची मालिका, कितीही मोठी असली तरी, तुलना नव्हे. त्या दृष्टीने चिली देशातील आंद्रादेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी उल्लेखनीय आहे. साठ रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने चार गटांत विभागणी करण्याचे तिचे स्वरूप होते: टाके नाहीत व नळीही नाही, केवळ टाके, केवळ नळी, आणि दोन्ही. ज्या गटाला दोहोंपैकी काहीच मिळाले नाही, त्याची स्थिती सर्वांत वाईट ठरली. टाके व नळी ह्यांचा परिणाम साधारण सारखाच दिसला, आणि दोन्ही एकत्र योजून लक्षणीय अधिक लाभ झाला नाही. संख्या लहान आहे, तरी ह्या निष्कर्षाचे दोन्ही भाग ध्यानात धरण्याजोगे आहेत. टाके नीट घातले असतील तर नळी वगळता येते, हा त्यातील पहिला. बदली उपाय न करता नुसती नळी वगळणे घातक, हा दुसरा. आणि ‘नळीमुक्त’ शस्त्रक्रियेच्या उत्साहात विसर पडतो तो नेमका ह्याचाच.

तिसरी दिशा शरीररचनेतून आली. पोटावरील मेदाच्या मध्यातून जाणारी स्कार्पाची प्रावरणी व तिच्या खालचा मेद नाभीच्या खालच्या भागात तसाच ठेवून पडदा उचलला, तर तेथील लसिकावाहिन्या पुष्कळशा शाबूत राहतात. पोर्तुगालमधील कोस्टा-फरेरा व सहकाऱ्यांनी १६० रुग्णांवर केलेली अशी तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही प्रावरणी राखलेल्या गटात नळीतून आलेला एकूण द्रव सुमारे दोन तृतीयांशांनी घटला आणि सिरोमाही पुष्कळच कमी झाला. येथे नळी दोन्ही गटांत होती, हे विसरता कामा नये. ह्या चाचणीने नळीची गरज घटल्याचे दिसते, ती संपल्याचे सिद्ध होत नाही.

निरनिराळ्या अहवालांतील आकडे शेजारी-शेजारी मांडताना आणखी एक अडचण येते. कोणी हाताला लागणारा द्रव तेवढाच सिरोमा धरतो, कोणी सोनोग्राफीत दिसणारा थेंबही मोजतो. परिणामी सिरोमाचे प्रमाण एका ठिकाणी नगण्य, तर दुसऱ्या ठिकाणी पाचातून एक असे निघते. रुग्णही सारखे नसतात. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेनंतर पन्नास-साठ किलो वजन उतरलेल्या माणसाच्या पोटावरील पडदा जाड व वजनदार असतो, त्याच्या लसिकावाहिन्या विस्तारलेल्या असतात आणि पोषणही बहुधा यथातथाच असते. सडपातळ, दोन बाळंतपणे झालेल्या स्त्रीवरील अनुभव अशा रुग्णास जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. तेथे टाक्यांच्या जोडीला नळीही ठेवणारा शल्यविशारद अकारण भित्रा ठरत नाही.

नळी न ठेवल्यास रुग्णाला घरी लवकर जाता येते, परंतु सिरोमा पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रकट होतो. म्हणजे ज्या काळात नळीची बाटली रोज काही सांगत असती, त्या काळात सांगणारे कोणी उरत नाही. शस्त्रक्रियेच्या गावापासून दूर राहणाऱ्या रुग्णास पोट हाताने चाचपून घेण्यासाठी त्या दोन आठवड्यांत निदान दोनदा परत येणे शक्य आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे लागते.