यंत्रांचा थवा

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा येतो. हजारो पाखरे एकदम वळतात, पण एकमेकांवर आदळत नाहीत. प्रत्येक पाखरू शेजाऱ्यापासून अंतर राखते.

बिनमाणसाच्या छोट्या विमानाला ड्रोन म्हणतात. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत १००० ड्रोन एकदम उडाले. त्यांनी आकाशात दिव्यांची चित्रे काढली. कोणी कुठे जायचे, ते संगणकात आधीच ठरले होते.

आता ड्रोन आपसांत बिनतारी निरोप देऊन काम वाटून घ्यायला शिकत आहेत. पुरात अडकलेली माणसे असा थवा लवकर हुडकील. एक ड्रोन पडला, तर त्याचे काम दुसरा करील.

पण हाच थवा बॉम्बही टाकू शकतो. यंत्राला पाप-पुण्य कळत नाही. म्हणून हुकूम माणसाच्याच हाती राहावा, असे आम्हांला वाटते.