परकीय, परग्रहवासी आणि पळून आलेला गुलाम : 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट'मधील स्थलांतराचे रूपक

इंग्रजीतील 'एलियन' हा शब्द दोन भिन्न क्षेत्रांत वावरतो. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्यात तो नागरिक नसलेल्या व्यक्तीसाठी योजला आहे. विज्ञानकथेत तो परग्रहवासीयाचा वाचक आहे. मराठीत या अर्थांसाठी दोन स्वतंत्र शब्द वापरावे लागतात आणि मूळ शब्दातील श्लेष भाषांतरात हरवतो. जॉन सेल्स यांचा 'द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट' (१९८४) हा चित्रपट याच श्लेषावर उभा आहे. परकीय आणि परग्रहवासी यांच्या जोडीला तो पळून आलेल्या गुलामाची तिसरी आकृती आणतो. या आकृतीमुळे 'स्थलांतरितांचे राष्ट्र' या अमेरिकी कथनातील एक उणीव उघड होते.

सुमारे साडेतीन लाख डॉलर इतक्या अल्प खर्चात, मोठ्या निर्मितिसंस्थांच्या चौकटीबाहेर हा चित्रपट तयार झाला. सेल्स यांना १९८३ मध्ये मिळालेल्या मॅकआर्थर अभ्यासवृत्तीचा पैसा त्यात खर्ची पडला. अंतराळाची भव्य दृश्ये उभी करणे अर्थातच शक्य नव्हते. त्यामुळे नायकाचे परग्रहवासी असणे मुख्यतः जो मॉर्टन यांच्या मूकाभिनयातून आणि पायाच्या तीन बोटांसारख्या मोजक्या खुणांतून सूचित होते. दिसायला तो हार्लेममधील कोणत्याही कृष्णवर्णीय पुरुषासारखाच आहे.

त्याचे यान एलिस बेटाजवळ कोसळते. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख स्थलांतरितांनी याच बेटावरून अमेरिकेत प्रवेश केला. तेथील संग्रहालय १९९० मध्ये सुरू झाले. चित्रीकरणाच्या काळात ती वास्तू ओसाड होती. नायकाला वस्तूंच्या स्पर्शातून भूतकाळातील आवाज ऐकू येतात. या ओसाड वास्तूत त्याला येऊन गेलेल्यांचा कोलाहल ऐकू येतो. येथील विरोधाभास मार्मिक आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा या प्रवेशद्वाराशी संबंध नव्हता. त्यांचे आगमन 'स्थलांतर' या संज्ञेत बसतच नाही. त्या दारातून सेल्स एका कृष्णवर्णीय पलायिताला आत आणतात. पुढे एका प्रदर्शनात पळणाऱ्या गुलामाचे चित्र पाहून नायक स्वतःकडे बोट दाखवतो, तेव्हा हे रूपक स्पष्ट होते.

नायकाचे मूकत्व हे कथनतंत्राच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरते. मद्यगृहातील माणसे त्याच्याविषयी आपापले तर्क लढवतात आणि त्याच्यापाशी आपापली दुःखे मांडतात. आगंतुकाला स्वतःची कथा सांगता येत नसली, तरी यजमान समाज ती स्वतःच्या अनुभवाने भरून काढतो. त्याला निवारा आणि काम मिळते ते कागदपत्रांमुळे नव्हे, तर या ओळखीमुळे.

याउलट त्याच्या मागावर आलेले काळ्या पोशाखातील दोघे श्वेतवर्णीय आहेत. त्यांपैकी एकाची भूमिका स्वतः सेल्स यांनी केली आहे. पळालेल्या गुलामांना राज्यांच्या सीमा ओलांडूनही परत नेण्याची मुभा देणाऱ्या १८५० च्या कायद्याची ही स्मृती आहे. त्याच शहरातील वर्णसीमाही चित्रपट दाखवतो. भुयारी रेल्वेत पत्त्यांची जादू करणारा तरुण 'आता सारे गोरे अदृश्य करतो' अशा अर्थाचे विधान करतो. एकोणसाठाव्या रस्त्याच्या स्थानकावर गोरे प्रवासी उतरतात आणि गाडी हार्लेमकडे निघते.

पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांचे हे वेगळेपण 'परकीय' या शब्दात मावत नाही. त्यासाठी मराठीत 'उपरा' हा शब्द अधिक जवळचा आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाने आपल्याच भूमीवर परके ठरण्याच्या अनुभवाला वाङ्मयीन रूप दिले. दोन्ही संदर्भ एक नाहीत : कैकाडी समाजाच्या वाट्याला लादलेली भटकंती आली, तर हार्लेमच्या वाट्याला लादलेली वस्ती. मात्र उपरेपण हे जन्मस्थळावरून ठरत नसून इतरांच्या वागणुकीतून ठरते, हे सूत्र दोहोंत समान आहे.

अखेरीस नायकासारखेच पळून आलेले इतर अनेक जण पाठलाग करणाऱ्यांना सामोरे येतात. तो एकटा नव्हता, हे प्रेक्षकाला तेव्हा कळते. परग्रहवासी तेथे आधीपासूनच शेजारी म्हणून राहत होते. त्यांना वेगळे ओळखण्याची गरज फक्त पकडणाऱ्यांना होती.